जुलै १९१४ : एकटं पडण्याच्या भीतीतून पेटलेलं महायुद्ध

२५ जुलै १९१४. बेलग्रेडच्या मंत्रालयात ऐन घाईत टंकलेखन यंत्र बिघडलं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या निर्वाणीच्या खलित्याला उत्तर देण्याची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती आणि मसुद्यातली खाडाखोड काही थांबत नव्हती. शेवटी उत्तर हातानेच लिहून काढलं. खोडलेले शब्द तसेच, त्यांच्या वर नवे शब्द, अशा अवस्थेतला तो कागद घेऊन सर्बियाचा पंतप्रधान निकोला पाशिच स्वतः ऑस्ट्रियाच्या वकिलातीत पोहोचला, तेव्हा सहाला पाचेक मिनिटं कमी होती. ऑस्ट्रियाचा वकील बॅरन गीझल सामान बांधून बसला होता. त्याने उत्तरावरून नजर फिरवली. सगळ्या मागण्या बिनशर्त मान्य झालेल्या नाहीत, एवढं त्याला पुरलं. संबंध तोडल्याचं पत्र आधीच तयार होतं. त्यावर सही करून त्याने साडेसहाची गाडी पकडली आणि तो सर्बियाबाहेर पडला.

त्यानंतर दहा दिवसांच्या आत युरोपातली पाचही बडी राष्ट्रं युद्धात उतरली होती. चार वर्षांनी बंदुका थांबल्या तेव्हा ९० लाखांहून अधिक सैनिक मेलेले होते.

शाळेत आपण याचं कारण शिकतो ते असं : युरोपात दोन गट होते, प्रत्येक राष्ट्र कराराने दुसऱ्याशी बांधलेलं होतं, म्हणून एक पडलं तशी बाकीची ओढली गेली. मीही बरीच वर्षं हेच मानत होतो. पण करारांची कलमं आणि त्या दोन आठवड्यांतल्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, की ही गोष्ट जुळत नाही. लेखी कराराने बांधलेली काही राष्ट्रं बाजूला उभी राहिली आणि ज्यांच्यावर कसलंही लेखी बंधन नव्हतं ती लढायला गेली. कागदापेक्षा भीती मोठी होती. आपला एकुलता एक मित्र या खेपेला आपल्याकडून दुखावला गेला, तर पुढच्या संकटात आपल्यामागे कोण उभं राहणार, ही ती भीती. या प्रकरणाची किल्ली मला तिथे सापडते.

दोन गट कसे जमले

हा भाग सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १८७१ साली जर्मनीने फ्रान्सकडून आल्सेस आणि लॉरेनचा काही भाग घेतला. तेव्हापासून फ्रान्स कधीही आपला मित्र होणार नाही, हे जर्मनीचा चॅन्सलर (सरकारचा प्रमुख) बिस्मार्क याने गृहीत धरलं आणि फ्रान्सला मित्रच मिळू नये अशी तजवीज केली. १८७९मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार झाला, १८८२मध्ये त्यात इटली आली. १८८७मध्ये रशियाशीही एक गुप्त समझोता झाला. १८९०मध्ये बिस्मार्कला जावं लागलं आणि त्याच वर्षी रशियाशी असलेल्या समझोत्याचं नूतनीकरण बर्लिनने नाकारलं. एकाकी रशिया आणि एकाकी फ्रान्स एकमेकांकडे वळले. १८९४पर्यंत त्यांचा लष्करी करार पक्का झाला. एक निरंकुश झारशाही, दुसरं क्रांतीतून जन्मलेलं प्रजासत्ताक. राज्यपद्धतीत काहीही साम्य नाही, शत्रू मात्र समान.

ब्रिटन अलिप्त होता. जर्मनीने १८९८पासून मोठं आरमार बांधायला घेतलं तसा तो अस्वस्थ झाला. १९०४मध्ये त्याने फ्रान्सशी आणि १९०७मध्ये रशियाशी जुने वाद मिटवले. हे समझोते इजिप्त, मोरोक्को, इराण, अफगाणिस्तान, तिबेट असल्या दूरच्या मुलखांविषयीचे होते. युरोपात युद्ध झालं तर ब्रिटन लढेल, असं त्यांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मागच्या खेपेची सल

१९१४च्या आधीच्या दहा वर्षांत युद्ध होता होता अनेकदा टळलं. ते कसं टळलं, याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही आणि मला तर तोच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी मित्रानेच मित्राचा हात धरला होता.

ऑक्टोबर १९०८मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्जेगोविना आपल्या राज्याला जोडून घेतला. सर्बिया खवळला, रशियाही खवळला. पण जपानशी झालेल्या युद्धात रशियाचं कंबरडं मोडलेलं होतं आणि बाल्कनमधल्या भांडणासाठी फ्रान्स पाठीशी उभा राहायला तयार नव्हता. मार्च १९०९मध्ये जर्मनीने डोळे वटारले आणि रशियाला निमूटपणे माघार घ्यावी लागली. १९११मध्ये मोरोक्कोतल्या अगादीर बंदराच्या प्रकरणी फ्रान्स आणि जर्मनी समोरासमोर आले, तेव्हा रशियाने फ्रान्सला कोमट पाठिंबा दिला. १९१२च्या बाल्कन युद्धात सर्बियाला समुद्रकिनारा हवा होता. ऑस्ट्रिया आडवा आला आणि रशियाने सर्बियाला मागे घेतलं. १९१३मध्ये ऑस्ट्रियाला सर्बियावर चालून जायचं होतं, तेव्हा जर्मनीने त्याला आवरलं.

प्रत्येक वेळी शांतता वाचली. आणि प्रत्येक वेळी कोणाची तरी नाचक्की झाली, त्याच्या मनात सल राहिली : ऐन वेळी आपल्याच मित्राने काखा वर केल्या. आवरणाऱ्यालाही चैन नव्हतं, कारण असं आणखी एकदा केलं तर मित्र कायमचा तुटेल हे त्याला दिसत होतं. १९१४च्या उन्हाळ्यात बर्लिन, पॅरिस आणि पीटर्सबर्ग या तिन्ही राजधान्यांत एकच निश्चय मुरलेला होता : या खेपेला मागे हटायचं नाही, मित्रालाही मागे खेचायचं नाही.

जर्मनीला दुसरीही एक चिंता होती. रशियाने फ्रेंच कर्जातून पश्चिम सरहद्दीकडे येणारे लोहमार्ग वाढवायला घेतले होते आणि सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७पर्यंत पुरा व्हायचा होता. तोवर थांबलो तर लढताच येणार नाही, असं जर्मन सेनानी उघड बोलू लागले होते. युद्ध होणारच असेल तर ते आज झालेलं बरं, हा विचार एकदा मुख्यालयात शिरला की मुत्सद्द्यांना फार थोडी जागा उरते.

पॉट्सडॅममधलं जेवण

२८ जूनला बोस्नियातल्या साराएव्होमध्ये ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची हत्या झाली. मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप हा १९ वर्षांचा बोस्नियन सर्ब होता आणि ऑस्ट्रियाने या कटाचा ठपका सर्बियावर ठेवला. सकाळी त्याच्या साथीदाराने फेकलेला बॉम्ब युवराजाला लागला नव्हता. पुढे गाडीचालकाने चुकीचं वळण घेतलं, गाडी मागे घेण्यासाठी थांबली आणि प्रिन्सिप नेमका तिथे उभा होता. या योगायोगाची गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते आहे. पण त्या गोळ्यांनी युद्ध सुरू झालं नाही. त्यानंतर जवळजवळ महिनाभर एकही तोफ उडाली नाही.

५ जुलैला व्हिएन्नाचा, म्हणजे ऑस्ट्रियाचा, राजदूत बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला कैसर (जर्मन सम्राट) विल्यमबरोबर जेवायला गेला. सर्बियाविरुद्ध ऑस्ट्रिया जे पाऊल उचलेल त्याला जर्मनीचा पूर्ण पाठिंबा राहील, रशिया मध्ये पडला तरीही, असं आश्वासन त्याला मिळालं. दुसऱ्या दिवशी चॅन्सलर बेटमान-होलवेगने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि कैसर ठरल्याप्रमाणे नॉर्वेच्या जलसफरीला निघून गेला. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात. आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. व्हिएन्ना काय मागणार, कधी मागणार, किती ताणणार, यातलं काहीही बर्लिनच्या हातात उरलं नाही.

व्हिएन्नाने तो चेक वटवायला अडीच आठवडे घेतले. हंगेरीचा पंतप्रधान टिसा विरोधात होता, तो १४ जुलैच्या सुमारास वळला. बरेचसे सैनिक पीककापणीच्या रजेवर होते. शिवाय फ्रान्सचा अध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै पीटर्सबर्गच्या दौऱ्यावर होता. तो तिथे असताना खलिता दिला तर दोघं मित्र समोरासमोर बसून उत्तर ठरवतील, म्हणून त्याची बोट निघेपर्यंत थांबायचं ठरलं. २३ जुलैला संध्याकाळी सहाला खलिता बेलग्रेडमध्ये पोहोचला. दहा मागण्या, ४८ तासांची मुदत. या दिरंगाईची किंमत मोठी होती. हत्येनंतर लगेच युरोपभर ऑस्ट्रियाविषयी सहानुभूती होती. चार आठवड्यांनी ती विरून गेली आणि उरला तो फक्त संशय.

सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या किंवा वळणं घेत का होईना स्वीकारल्या. आपल्या भूमीवर ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी तपासात भाग घ्यावा, हे मात्र त्याने नाकारलं. सफरीवरून परतलेल्या कैसरने २८ जुलैला सकाळी ते उत्तर वाचलं आणि युद्धाचं कारणच उरलं नाही, असा शेरा मारला. ऑस्ट्रियाने तारण म्हणून फक्त बेलग्रेड ताब्यात घ्यावं आणि तिथे थांबावं, असं त्याने सुचवलं. चॅन्सलरने ही सूचना उशिरा आणि धार बोथट करून पुढे पाठवली. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं.

तारघरातला थांबलेला हुकूम

आता रशिया. सर्बियाशी रशियाचा लेखी संरक्षण करार नव्हता. पण बल्गेरिया दुरावल्यापासून बाल्कनमध्ये रशियाचा भरवशाचा असा सर्बियाच उरला होता. २४ जुलैच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेतीमंत्री क्रिवोशाइनने मांडलेला मुद्दा निर्णायक ठरला : आजवर नमतं घेऊन आपण काहीही मिळवलेलं नाही. १९०९ची सलच तिथे बोलत होती.

परराष्ट्रमंत्री साझोनोव्हला आधी फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध सैन्याची अंशतः जमवाजमव हवी होती, म्हणजे जर्मनीला धक्का बसणार नाही. सेनाधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं की असा आराखडाच तयार नाही. लोहमार्गांची वेळापत्रकं दोन्ही शत्रू धरून आखलेली होती. आधी अंशतः जमवाजमव केली आणि मग सगळीकडे करायची वेळ आली, तर गाड्यांचा असा घोळ होईल की सैन्य कुठेच वेळेवर पोहोचणार नाही.

२९ जुलैच्या रात्री जनरल दोब्रोरोल्स्की सर्वंकष जमवाजमवीचा सह्या झालेला हुकूम घेऊन पीटर्सबर्गच्या मुख्य तारघरात उभा होता. तारमास्तर प्रती तयार करत होते. तेवढ्यात फोन आला : थांबा. झार निकोलसला कैसरची तार मिळाली होती. दोघं एकमेकांना ‘निकी’ आणि ‘विली’ म्हणणारे नातलग. भावाने शांततेसाठी घातलेली गळ वाचून झारने हुकूम मागे घेतला. त्या रात्री युरोप खरोखर थबकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साझोनोव्ह पीटरहॉफच्या राजवाड्यात गेला. तासभर बोलणं झालं. लाखो माणसांना मरणाच्या दारात पाठवण्याची जबाबदारी झारला पेलवत नव्हती, पण शेवटी तो हो म्हणाला. सेनाप्रमुख यानुशकेविचने आधीच सांगून ठेवलं होतं की या खेपेला हुकूम मिळाला की मी फोन मोडून टाकीन, म्हणजे तो रद्द करायला कोणी मला गाठणार नाही. साझोनोव्हने राजवाड्यातूनच त्याला फोन केला आणि आता फोन मोडायला हरकत नाही, असं कळवलं. संध्याकाळी तारा सुटल्या.

हे वाचताना मी नेहमी त्या फोनपाशी अडखळतो. माघारीची वाट आपल्याच हाताने बंद करायची आणि तिला तयारी म्हणायचं, हे त्या आठवड्यात एकट्या पीटर्सबर्गमध्ये चाललेलं नव्हतं.

१ ऑगस्ट, बर्लिन

जर्मनीचा लष्करी आराखडा वेळेच्या गणितावर उभा होता. रशिया सावकाश गोळा होतो, फ्रान्स झटपट. म्हणून आधी सगळं बळ लावून सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं. आठपैकी सात सेना पश्चिमेला, एक पूर्वेला. फ्रान्सची सरहद्द किल्ल्यांनी भरलेली, म्हणून वाट बेल्जियममधून. आणि त्या वाटेवरचं लिएजचं रेल्वे जंक्शन पहिल्या काही दिवसांतच हाती यायला हवं. इतर देशांत जमवाजमव म्हणजे सरहद्दीपर्यंत सैन्य नेणं. तिथे थांबून बोलणी करता येतात. जर्मनीत जमवाजमव म्हणजे थेट चढाई. फक्त रशियाशी लढण्याचा पर्यायी आराखडा १९१३मध्येच बासनात गेला होता.

१ ऑगस्टला संध्याकाळी पाचला कैसरने जमवाजमवीच्या हुकमावर सही केली. थोड्याच वेळात लंडनहून राजदूत लिख्नोव्स्कीची तार आली : फ्रान्सवर हल्ला झाला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही तटस्थ ठेवेल, असं दिसतं. कैसरला हर्ष झाला. तर मग सगळं सैन्य पूर्वेकडे न्या, असं तो सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणाला. मोल्टकेने सांगितलं की हे होणार नाही. लाखो माणसांची हालचाल ऐनवेळी फिरवता येत नाही. तसं केलं तर सैन्य राहणार नाही, अन्नावाचून भरकटणारा जमाव होईल. तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं, असं कैसर त्याला सुनावून मोकळा झाला. हा काका म्हणजे १८७०-७१चं युद्ध जिंकणारा थोरला मोल्टके. त्या शब्दांनी मोल्टके मोडून पडला. रात्री उशिरा लंडनहून खुलासा आला की सगळा गैरसमज होता. कैसरने त्याला बोलावून घेतलं : आता तुला काय करायचं ते कर.

त्या संध्याकाळी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्टला सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. सर्बियाच्या भांडणाशी बेल्जियमचा काडीचाही संबंध नव्हता.

लंडनची अडचण

परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याच्या मनात फ्रान्सला साथ द्यायची होती, पण मंत्रिमंडळात १ ऑगस्टपर्यंत युद्धाला बहुमत नव्हतं. आणि लेखी बंधन म्हणाल तर नोव्हेंबर १९१२च्या पत्रव्यवहारात स्पष्ट लिहिलेलं होतं की दोन्ही देश एकमेकांशी सल्लामसलत करतील, कोणीही कोणाला बांधील नाही. मात्र त्याच सुमारास फ्रान्सने आपलं आरमार भूमध्य समुद्रात हलवलं होतं आणि त्याचा उत्तर किनारा उघडा पडला होता. कागद काहीही म्हणो, त्या उघड्या किनाऱ्याने ब्रिटनला भिडेत पकडलं. २ ऑगस्टला मंत्रिमंडळाने फ्रेंच किनाऱ्याच्या रक्षणाचं आश्वासन दिलं. बेल्जियमवर आक्रमण होणार हे दिसताच बहुतेक मंत्री वळले. मोर्ली आणि बर्न्स या दोघांनी राजीनामे दिले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९च्या तहात होती. एका कागदाच्या चिठोऱ्यासाठी तुम्ही लढणार का, असं बेटमानने ब्रिटिश राजदूताला विचारल्याचं त्या राजदूताने कळवलं. ४ ऑगस्टच्या रात्री अकराला ब्रिटनची मुदत संपली.

ग्रेचा दोष माझ्या मते इथे आहे. त्याची संदिग्धता प्रत्येकाने आपल्या सोयीने वाचली. ब्रिटन येणारच, असं पॅरिसने धरलं. तो येणार नाही, असं बर्लिनने धरलं. २९ जुलैला त्याने जर्मन राजदूताला स्पष्ट इशारा दिला, तेव्हा बेटमानने रातोरात व्हिएन्नाला आवरण्यासाठी तारा पाठवल्या. पण त्याच सुमारास मोल्टके व्हिएन्नाला जमवाजमव करा म्हणून कळवत होता. बर्लिनमध्ये राज्य नक्की कोणाचं, असा प्रश्न ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्याला पडला.

करारपत्रं तपासली तर

इटली ३२ वर्षं जर्मनी-ऑस्ट्रियाशी कराराने बांधलेली होती. तिने ३ ऑगस्टला तटस्थता जाहीर केली. करार बचावाचा होता, चढाई ऑस्ट्रियाची होती आणि आपल्याला कोणी विचारलंही नव्हतं, हे तिचं म्हणणं कलमांप्रमाणे बरोबरच होतं. मे १९१५मध्ये ती उलट बाजूने लढायला उतरली. रुमानियाचा राजा कॅरोल कैसरच्याच घराण्यातला. १८८३पासून त्याचा ऑस्ट्रियाशी गुप्त करार होता. ३ ऑगस्टला सिनाया इथल्या बैठकीत त्याने तो करार पाळण्याचा आग्रह धरला आणि तो जवळजवळ एकटा पडला. रुमानियाही बाजूला राहिला. या दोघांना एकटं पडण्याचं भय नव्हतं. उलट दोन्हीकडून त्यांना विचारणा होणार होती.

आणि जर्मनी? १८७९च्या कराराप्रमाणे रशियाने ऑस्ट्रियावर हल्ला केला तर मदतीला जाणं तिला भाग होतं. १ ऑगस्टला रशियाने ऑस्ट्रियावर हल्ला केलेला नव्हता. कराराची अट पुरी होण्याआधीच जर्मनी युद्धात उतरली होती.

ज्याच्या भांडणासाठी हे सगळं झालं, त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते ६ ऑगस्टला. तोवर जर्मनी पाच दिवस रशियाशी युद्धात होती आणि लिएजच्या किल्ल्यांपाशी माणसं मरत होती. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड अजून सर्बियाच्याच मागे होता. त्याची दुसरी सेना गाड्यांतून दक्षिणेला निघालेली होती. ती रशियाच्या आघाडीवर वळवायची म्हटलं, तेव्हा रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी त्यालाही तेच उत्तर दिलं जे मोल्टकेने कैसरला दिलं होतं. गाड्या वाटेतून फिरवता येणार नव्हत्या. म्हणून ते सैनिक आधी सर्बियाच्या सरहद्दीवर जाऊन उतरले, काही दिवस तिथे थांबले आणि मग पुन्हा गाड्यांत बसून रशियाच्या सरहद्दीवरच्या गॅलिशिया प्रांताकडे निघाले. त्यांच्यातले बरेच जण पोहोचेपर्यंत तिथली लढाई हातची गेली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रशियन सैन्य गॅलिशियाची राजधानी लेंबर्गमध्ये (आजचं ल्विव्ह) शिरलं.